बिजलीने मान खाली घातली

फार जुन्या काळी रायाजी सरदाराच्या तबेल्यात बिजली नावाची घोडी होती. तिच्या जोडीच्या घोड्याला वाघाने तबेल्यातूनच ओढून नेले, तेव्हापासून ती पानाच्या सळसळीनेही दचकायची. अशक्तपणा असेल म्हणून रायाजीने हरभरा वाढवला, तर ती जास्तच बिथरली. मग त्याने दाणा बंद केला आणि कोवळ्या गवतात मन शांत करणारा ब्राह्मीचा पाला मिसळून ठेवला. बिजलीने त्याला तोंडही लावले नाही.

"खात का नाहीस गं?" शेजारी बांधलेल्या म्हाताऱ्या शेळीने विचारले.

"मान खाली घातली की दार दिसत नाही," बिजली म्हणाली.

"मग तू खा. दाराकडे मी बघते."

हळूहळू बिजलीने गवतात तोंड घातले. वाघाची भीती शेळीलाही होतीच. पण बिजलीचे खाऊन होईपर्यंत तिने दारावरची नजर काढली नाही.