बेलभंडार आणि कुराण

दोन्ही राज्यांचा शत्रू दोन मजलांवर येऊन ठेपला होता आणि राजाचे वकील भानजीपंत सुलतानाच्या भर दरबारात, मिळून लढण्याच्या तहाला उभे होते. शपथेसाठी त्यांनी बेलभंडार उचलला, तोच वजीर मुस्तकीमखान गरजला, "ही पानं आन् हळद आम्ही मानत नाही! कुराणावर हात ठेवा, नाहीतर चालते व्हा!"

पंत हसले.

"ठेवतो की, खानसाहेब! मुजराही करतो. पण उद्या ऐन लढाईत माझी नियत फिरली, तर मला कुणाचा धाक वाटेल? तुमच्या ग्रंथाचा, की लहानपणापासून ज्याला भीत आलो त्या माझ्या खंडेरायाचा?"

सुलतान ताडकन उठला.

"पंत, बेलभंडारच उचला! आणि वजीर, कुराणावर हात तुम्ही ठेवा."