शिसं ओतलं की परवाना लागत नाही

घाटाखालच्या एका गावात गेणू नावाचा एक भोळा गडी राहायचा. कामाला वाघ. सांगितलेलं सगळं ऐकायचा. अडचण एवढीच, की तो ते अगदी सांगितल्यासारखंच ऐकायचा.

त्याचे धनी आबासाहेब सरनोबत. त्यांना जुन्या बंदुकांचा नाद. ठासणीच्या, तोड्याच्या, आणि सोप्यात खुंटीवर एक पणजोबांची, चांदीच्या नक्षीची. त्यातली एकही त्यांनी कधी उडवली नव्हती. रोज सकाळी गेणूनं पुसायच्या आणि आबासाहेबांनी बघत बसायचं, एवढंच.

मग देशोदेशींच्या सरकारांनी एकत्र बसून हत्यारांच्या व्यापाराचे कडक नियम केले. नियम होते तोफांच्या बड्या सौदागरांसाठी, पण झिरपत झिरपत ते आबासाहेबांच्या सोप्यापर्यंत आले. फौजदारांचा निरोप आला, की प्रत्येक बंदुकीवर नंबर पाहिजे, तपासायला येतो. चूक सापडली तर सगळं जप्त. आबासाहेबांना घास गोड लागेना.

त्यांनी गेणूला सांगितलं, घरातल्या एकूण एक नळीवर नंबर घाल. गेणूनं तांबड्या रंगाचा डबा घेतला आणि चुलीजवळच्या फुंकणीपासून सुरुवात केली. मग मोरीची नळी, मग हुक्क्याची. तेवढ्यात आबासाहेब आले.

"अरे, ज्यात बार भरतात त्याच्यावर नंबर," ते कपाळाला हात लावून म्हणाले.

गेणूनं मान डोलावली. दुपारी आबासाहेबांचे चुलते बापूकाका सोप्यात येऊन टेकले. चंची सोडली, तंबाखू मळली आणि म्हणाले, जरा बार भरतो. बार भरला आणि त्यांचा डोळा लागला. उठले तेव्हा गालावर ठळक तांबडा आकडा होता. रंग चांगल्या प्रतीचा होता. पुढं बरेच दिवस गाव त्यांना आकड्यानंच हाक मारायचं.

आबासाहेबांनी गेणूला समोर बसवलं. माणसांना नंबर घालत नाहीत, म्हणाले, माणसांना विचारायचं असतं. देणारा कोण, घेणारा कोण, पुढं तिसऱ्याला देणार नाही ना. तसं लिहून घेतल्याशिवाय या घरातलं काही वेशीबाहेर जाता कामा नये.

दुसऱ्या दिवशी जावई आले, माहेरपणाला आलेल्या इंदूला न्यायला. परतताना गेणू वेशीत गाडीला आडवा उभा राहिला. देणारे आबासाहेब, हे त्याला ठाऊक होतं. घेणारे समोर दिसत होते.

"जावईबापू," तो अदबीनं म्हणाला, "ताईसाहेबांना पुढं तिसऱ्या कुणाला देणार नाही, एवढं लिहून द्या."

जावई लालबुंद झाले. इंदू तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी तिनंच नवऱ्याकडून ते लिहून घेतलं, आणि कागद गेणूला न देता स्वतःच्या पेटीत टाकला.

त्यानंतर आबासाहेबांनी नंबर स्वतःच घातले. एकच गोष्ट राहिली. पणजोबांच्या बंदुकीचा परवाना काही आला नव्हता. नियम असा, की परवाना नसेल तर नळीत शिसं ओतून हत्यार निकामी करायचं. मग परवाना लागत नाही. आबासाहेबांच्या ते जिवावर आलं होतं. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता फौजदार यायचा दिवस उजाडला. तेव्हा त्यांनी गेणूला बोलावलं आणि खाली बघत म्हणाले,

"शिसं वितळव. खुंटीवरचं हत्यार निकामी कर. मला दाखवू नको, मला बघवणार नाही."

गेणूलाही वाईट वाटलं. त्यानं बंदूक शेवटची पुसावी म्हणून खाली काढली, परसात नेऊन निगुतीनं पुसली आणि शिसं चुलीवर चढवलं. इकडं फौजदार आले. आबासाहेबांनी त्यांना आधी जेवायला बसवलं. फौजदारांनी पट्टा सोडला, पिस्तुलातल्या गोळ्या काढून खिशात टाकल्या आणि पिस्तूल मोकळ्या खुंटीला अडकवलं. पुरणपोळी झकास झाली होती. फौजदारांनी आग्रह मोडला नाही.

गेणू शिशाची पळी घेऊन सोप्यात आला. खुंटीवर बघितलं. हत्यार होतं.

हात धुऊन फौजदारांनी पट्टा बांधला. पिस्तूल अजून गरम होतं. त्यांनी ते काढून नळीत डोकावून बघितलं. मग उजेडाकडं धरून बघितलं. आबासाहेब भिंतीला टेकले.

फौजदारांचा चेहरा उतरलेला पाहून गेणूला भरून आलं. तो पुढं झाला आणि हळूच म्हणाला,

"काळजी करू नका, साहेब. आता याला परवाना लागत नाही."