पालथा पेला

“सकाळपासून माझ्या मागे का लागलात तुम्ही?”

ऋजुताने विचारलं खरं, पण आवाज मध्येच चिरकला. हातात सायकलचा पंप होता. उगारलेला.

म्हातारा सांडणीला खाली बसवत होता. सांडणीच्या तोंडाला फेस आला होता.

“पंप माझ्यासाठी आहे का?” तो म्हणाला. “मग जरा थांब. आधी हिला पाणी पाजू दे.”

ऋजुता थांबली. दुसरं काय करणार?

ती मांडवीहून निघाली होती. कच्छचा किनारा धरून लखपतपर्यंत, सायकलवर, एकटी. डावीकडे समुद्र, उजवीकडे मिठाने पांढरी पडलेली जमीन आणि वेडी बाभूळ. माणूस असा नाहीच. हँडलच्या छोट्या आरशात ती सारखी मागे बघायची. मागे कधीच कुणी नसायचं.

आज होतं. उंटावरचा एक माणूस. समोरच्या वाऱ्यात तिने जीव खाऊन पायडल मारले, तरी आरशातून तो जाता जाईना. शेवटी एका दर्ग्याचं हिरवं निशाण दिसलं, तशी ती धडपडत आवारात शिरली. आवार रिकामं होतं.

“इथले फकीर आता येतील,” ती म्हणाली. “त्यांना सांगते.”

“सांग ना. उमरबापू म्हणतात मला. तू माझ्याच दारात उभी आहेस.”

वर निशाण फडफडलं. ती दचकली. पंप हळूहळू खाली आला.

“सकाळी बाभळीखालच्या माठातलं पाणी तू घेतलंस?”

“थोडंसंच, बापू. एक बाटली. खराब नाही केलं काही. पेला पुसला, होता तस्साच परत ठेवला. आमच्या गिर्यारोहण मंडळात शिकवतात तसं. आपण येऊन गेलो हे कुणाला कळता कामा नये.”

“तस्साच म्हणजे?”

“उताणा.”

बापूंनी डोळे मिटले. उघडले.

“या वाटेवर पाणी पिऊन पुढे गेलेला माणूस पेला पालथा घालून जातो. मी पाणी भरायला गेलो की पेला बघतो. पालथा असला की समजायचं, गेला बिचारा नीट. मग माठ भरून पेला पुन्हा उताणा ठेवायचा.” ते थांबले. “आज आतल्या विहिरीवरून आलो, तर पाणी कमी, आणि पेला उताणा. म्हणजे प्यायलेला माणूस पुढे गेलाच नाही. तिथंच कुठंतरी पडलाय.”

“अरे देवा...”

“बाभळीत शिरून शोधलं. मग चिखलात चाकाची रेघ दिसली. नागमोडी. वाटलं, कुणा पोराला भोवळ येतेय.”

“समोरून वारा होता हो. म्हणून तशी...”

“ते आता कळलं.”

“मग हाक मारायची होतीत!”

“मारली. घसा बसला. वारा तुझ्याकडून माझ्याकडे येत होता. मग हात हलवला, तर तू आणखीच जोरात. ही म्हातारी सांडणी उभ्या जन्मात इतकी पळाली नसेल.”

ऋजुताला हसायचं होतं. जमलं नाही.

बापूंच्या दोन्ही हातांवर काट्यांचे ताजे ओरखडे होते. ते आता तिला दिसले.

“मी इथवर कुणाची मदत न घेता आलेय,” ती अचानक म्हणाली. मान ताठ होती. “कुणाचीच नाही.”

“हं. आणि पाणी?”

“ते... तिथं कुणी नव्हतं.”

“हं.”

सांडणी सावकाश पाणी पीत होती. ओहोटीचा समुद्र इतका लांब गेला होता, की त्याचा आवाजही येत नव्हता.

“बापू...”

“बोल.”

“पुढच्या गावातून बस आहे. सायकल टपावर टाकून उद्या घरी जावं म्हणतेय. मला नाही होत हे. मागून कुणी आलं तर मी घाबरते. कुणीच आलं नाही, तर त्याहून जास्त घाबरते.” ती गडबडीने बोलत होती, कुणी मध्येच थांबवेल तसं. “तुम्ही तर कायमचे इथं एकटे. ही भीती कशी घालवलीत, तेवढं सांगा. मग मी लखपतला जाईन.”

बापू दाराकडे वळले.

ते आत गेले, पेला भरून घेऊन आले आणि तिच्यासमोर धरला. ती एका दमात प्यायली. मग आठवण होऊन तिने पेला पुसला, आणि ओट्यावर पालथा घातला.

“आता बरोबर?”



बापूंनी वाकून पेला उचलला. उताणा ठेवला.

“तू अजून इथं आहेस, बेटा.”