पहिली घागर

पूर्वी कांचनपुरात राजा विजितसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. त्याचे नाव क्षेमंकर. राजाने शेजारची मधुवती नगरी जिंकली, तिथे सेनापती रुद्रबाहूला बसवले आणि स्वतः निश्चिंत झाला. झोप उडाली ती रुद्रबाहूची.

नगरीच्या मधोमध मोठी विहीर होती. तिथे एका शिपायाला कोणीतरी सुरी मारली. रुद्रबाहूने कुमक मागितली. कुमक आली आणि आणखी शिपाई मेले. त्याने बदल्यात नगरातली तरुण पोरे मारली आणि पुन्हा कुमक मागितली. हिशेब सरळ होता. थोड्या सैन्याने भागत नसेल तर जास्त सैन्याने भागायला हवे. पण दर कुमकीबरोबर विहिरीवरचे रक्त वाढत गेले आणि बिचाऱ्याचे डोकेच चालेना. रणांगणावर हा माणूस कधी गोंधळला नव्हता, कारण तिथे शत्रू समोरून येतो. इथे सकाळी ज्याच्याकडून भाजी घेतली तोच संध्याकाळी सुरी घेऊन येईल की काय, हे कळायला मार्ग नव्हता. त्यातून शेवटच्या कुमकीत त्याचा एकुलता मुलगा सुबाहू आला होता.

किती सैन्य पाठवले म्हणजे हे थांबेल, ते ठरवायला राजाने क्षेमंकराला धाडले.

"अमात्य, किती मागू?" रुद्रबाहूने विचारले. "खरं सांगतो, मला काही समजतच नाही. शिपाई थोडे असले तर थोडे मरतात, जास्त असले तर जास्त."

"मलाही ठाऊक नाही," क्षेमंकर म्हणाला. "मरतात कुठे, ते दाखवा."

रुद्रबाहूला राग आला. एवढ्या लांबून आलेला शहाणा माणूस हे सांगतो! तरी तो त्याला विहिरीवर घेऊन गेला.

तिथे फौजेचे घोडे पाणी पीत होते. आडव्या बांधलेल्या दोरीमागे बायका रिकाम्या घागरी घेऊन ताटकळत उभ्या होत्या. आधी घोडे, मग नगर, असा रुद्रबाहूचा पहिल्या दिवसापासूनचा हुकूम होता. कुमक वाढली तसे घोडे वाढले आणि बायकांची पाळी दुपारवर गेली. क्षेमंकर पहारा मागे ठेवून बायकांकडे गेला. गोमती नावाची विणकरीण पुढे होती. शिपाई इथेच का मरतात, ते त्याने तिलाच विचारले.

"ज्या घरात माणूस गेलं त्या घराची घागर पहाटे पहिली," ती म्हणाली. "त्याच्या नावानं ते पाणी ओतल्याशिवाय त्या घरात चूल पेटत नाही. घरं दोन असली तर ज्याचं दुःख नवं त्याचा मान आधी. माझा धनी गेला तेव्हा पोरगा पहिली घागर भरायला आला. दोरी ओलांडली म्हणून तुमच्या लोकांनी त्याला जिवे मारलं. आता सांगा बाबा, मी चूल कशी पेटवू?"

"एका घागरीसाठी माणसं मारायची?" परतताना ते ऐकून रुद्रबाहू म्हणाला. "आणि दोरी काढली नि सगळे तुटून पडले तर?"

"तसंही होईल," क्षेमंकर म्हणाला.

दोरी काढावी की नाही, या विचारात रुद्रबाहूने तो दिवस घालवला. संध्याकाळी विहिरीवर पहारा सुबाहूचा होता. त्याला तिथेच भोसकले. बापाच्या मांडीवर त्याने प्राण सोडला.

रुद्रबाहू रडला नाही. त्याने जासुदाचा घोडा कसायला सांगितले. राज्यातले सगळे सैन्य येऊ दे, ही नगरीच राहता कामा नये, एवढेच तो पुन्हा पुन्हा बोलत होता.

"घोडा सकाळपर्यंत थांबवा," क्षेमंकर म्हणाला. "आज तुमच्याही घरात चूल पेटलेली नाही. घागर घेऊन माझ्याबरोबर चला. तलवार नको."

पहाटे क्षेमंकराने फौजेचे घोडे नदीवर पाठवले, आपल्या हाताने दोरी सोडली आणि पहारा उठवून रुद्रबाहूच्या पुढे चालू लागला. सुरी आलीच, तर आधी त्याला लागली असती. विहिरीभोवती नगर जमले होते. कितीतरी हात शालीखाली होते आणि त्या हातांत काय आहे ते रुद्रबाहूला कळत नव्हते. हातात घागर घेऊन आपण इथे का आलो, तेही त्याला नीट कळत नव्हते.

काठावर गोमती उभी होती. तिने घागरीला दोर लावला होता. सेनापतीला पाहून ती थांबली. मग त्या विहिरीवर पूर्वी रोज पहाटे विचारत तसेच तिने विचारले, "काल कोणाचं गेलं?"

रुद्रबाहूने घागर काठावर ठेवली.

"माझा मुलगा," तो म्हणाला.

गोमतीने आपल्या घागरीचा दोर सोडला.

"मग आधी तुम्ही भरा."

घागरीला दोर कसा लावतात, ते त्याला ठाऊक नव्हते. तिनेच त्याची घागर भरून दिली. तेव्हा तो रडला.

जासुदाचा घोडा गेला नाही. नगरी एका दिवसात शांत झाली असे मात्र नाही. पुढेही दगड आले आणि एकदा सुरीसुद्धा आली. पण रुद्रबाहूने पुन्हा कुमक मागितली नाही. उलट तो शिपायांना तुकडी तुकडीने घरी धाडत राहिला. क्षेमंकराने राजाचा राग सोसला, अमात्यपद गमावले, पण सैन्याचा आकडा काही सांगितला नाही. शेवटी राजाने कंटाळून मधुवती मधुवतीकरांना परत दिली. गोमतीने आपली पाळी त्याला का दिली, हे रुद्रबाहूला मरेपर्यंत उमगले नाही.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, भिक्षू होण्याआधी शिपाई असलेला आणि बळाने वैर मिटते का, असे आज मला विचारणारा हा धम्मपालित तेव्हा रुद्रबाहू होता. अमात्य क्षेमंकर मीच होतो."

"आणि गोमती?" धम्मपालिताने विचारले. "ती आज कोण आहे?"

"तिला इथे शोधू नका," शास्ता म्हणाले. "ती तेव्हाच मुक्त झाली, पुन्हा जन्मालाच आली नाही. मैत्री म्हणतात ती मी तिच्याकडून शिकलो."