करड्याची शिकवणी

माळावर लांडगे दिवसाउजेडी फिरत, त्या काळची गोष्ट. एका धनगराच्या कळपाची राखण करड्या नावाचा म्हातारा कुत्रा करी. दात पडत चालले होते, म्हणून झिपऱ्या नावाच्या पिल्लाला तयार करायची त्याला घाई झाली होती.

"लांडगा गुरगुरला तरी मागे हटायचं नाही," असं तो रोज झिपऱ्याकडून घोकून घ्यायचा. आपलं शिकवणं कमी तर पडत नाही ना, या धास्तीने पुन्हा घोकून घ्यायचा.

एका दुपारी लांडगा आला आणि गुरगुरला. झिपऱ्याने शेपूट घातलं आणि तो जमिनीला चिकटून बसला. करड्या धावत पोचेपर्यंत लांडग्याने कोकरू पळवलं होतं.

"अरे भित्र्या, हेच शिकवलं का मी तुला?"

"हो आबा," झिपऱ्या गोंधळून म्हणाला. "धनी खेकसले की तुम्ही असंच तर करता. मला वाटलं, मोठ्याने ओरडणाऱ्यापुढे असंच करायचं असतं."

तेवढ्यात कोकरू गेलेलं पाहून धनी काठी उगारत, ओरडत आला. करड्याचं शेपूट सवयीने खाली जाऊ लागलं. पिल्लू टक लावून बघत होतं.

करड्याने शेपूट कसंबसं वर धरलं. पाठीत काठी बसली, तरी धरलं.