सारसांनी न घेतलेला घास

फार पूर्वी वेणुमती नगरीत पुष्यसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता आणि लोक त्याला मेधंकर या नावाने ओळखत.

त्या नगरीत एक जुनी रीत होती. माघी पौर्णिमेला राजाने तळ्याकाठी उभे राहून हातावर भिजवलेले भाताचे दाणे धरायचे आणि सारसाने येऊन ते खायचे. तो सारस त्याच पावसाळ्यात जन्मलेला असावा लागे. त्याने घास घेतला की लोक म्हणत, "वर्ष सुखाचं जाणार," आणि ढोल वाजू लागत. या एका घासासाठी राजवाड्यामागे मोठी पक्षिशाला होती. तिथली पिले अंड्यातून बाहेर आली की माणसाच्या हातून जेवत आणि माणसाच्याच मागे फिरत.

पुष्यसेनाला साऱ्या राजवैभवात तो घास सर्वांत प्रिय होता. सिंहासनावर बसल्यावर लोक भीतीने वाकत, पण सारस मात्र आपल्या मनाने येतो, असे त्याला वाटे. चोच तळहाताला लागली की वर्षभर ती जागा आठवत राही.

नगरीबाहेर पूर्वी मोठी पाणथळ होती. राजाच्या आजोबांनी तिचे पाणी काढून दिले होते, आणि उरलेसुरले सारस पारध्यांच्या जाळ्यात गेले होते. मेधंकराने खटपट करून पाणी पुन्हा अडवले आणि तिथे जाळे टाकायला बंदी केली. लव्हाळे वाढले, बदके आली, बेडकांनी तर जवळच्या वस्तीची झोप उडवली. सारस मात्र आले नाहीत. येणार कुठून? जे काही उरले होते ते पक्षिशालेत होते.

मेधंकर राजाला म्हणाला, "महाराज, आपली पक्षिशाला म्हणजे बियाण्याची कणगी आहे. बाहेरचं सगळं पीक गेलं तेव्हा तिने बी राखलं, हे तिचे उपकार. पण बी कणगीतच राहिलं तर पेरणी कधी व्हायची?"

राजा मनाने चांगला होता. त्याला हे पटले. त्या वर्षीचा घास होताच त्याने चार तरुण सारस वाजतगाजत पाणथळीत नेऊन सोडले.

संध्याकाळी त्यातले तीन परत आले. एक ताकवालीच्या मागोमाग वेशीतून आत शिरला. दुसरा द्वारपालाच्या पानाजवळ उभा राहून आपला वाटा मागू लागला. तिसरा कुंभाराच्या दारात गेला आणि कुंभारणीपुढे मान लववून, पंख पसरून नाचू लागला.

कुंभारीण नवऱ्याला म्हणाली, "बघा, बघा! याला म्हणतात बायकोचा मान राखणं!"

"मग घाल त्याच्याच गळ्यात माळ," कुंभार म्हणाला, "आणि चाक फिरवायलाही त्यालाच बसव."

सारी नगरी हसली. पण चौथा सारस आला नाही. तो नदीपलीकडे गेला होता आणि तिथे त्याला एक पारधी दिसला. तो पारधी नंतर कोणाला तरी सांगत होता, "जाळं टाकावंच लागलं नाही. आपणहून आला आणि माझ्या हाताशी मान वाकवून उभा राहिला."

ते कळल्यावर राजा जेवला नाही. मेधंकरही जेवला नाही.

"माणसाच्या प्रत्येक हातात घास असतो, हे आपण त्याला शिकवलं," मेधंकर म्हणाला. "महाराज, यंदाची पिल्लं मला वेगळी वाढवू द्या. त्यांनी माणसाचं तोंड पाहायचं नाही, माणसाचा आवाज ऐकायचा नाही."

शोकात असलेल्या राजाने लगेच होकार दिला.

पावसाळ्यात अंडी घातली गेली, तेव्हा मेधंकराने पक्षिशालेचा एक ओला कोपरा उंच कुडाने वेगळा केला. राणी उत्पलेने राखाडी कापडाचे घोळदार अंगरखे शिवले. प्रत्येकाला डोके आणि चेहरा झाकणारी टोपी होती. सुताराने सारसाची लाकडी डोकी घडवली आणि ती लाल रंगवली. दोरी ओढली की चोच उघडे. ते डोके हातात धरून, वाकून, पिलांना कंद आणि टोळ भरवायचे, पाण्यात चालून दाखवायचे, आणि तोंडातून अक्षर काढायचे नाही. हे काम मेधंकर स्वतःही करी. सकाळी सारस आणि दुपारी अमात्य, असा त्याचा दिवस जाई.

राणी म्हणाली, "अमात्य, दरबारातही याच वेषात येत चला. तिथे तुमचं बोलणं फार लांबतं."

पिले वाढली, त्यांच्या पंखांत बळ आले. माघ जवळ आला आणि राजा अस्वस्थ झाला. लोक विचारू लागले होते, यंदा घास कोण घेणार? पुष्यसेनाला स्वप्नात आपला पसरलेला हात दिसे आणि त्यावर वाळत चाललेले भात.

एके दिवशी त्याने मेधंकराला बोलावले. "एक पिल्लू दे. फक्त एक. बाकीची तुझी."

"ते शक्य नाही, महाराज. एक माणसाकडे गेलं की बाकीची त्याच्यामागे जातील."

"मी राजा म्हणून मागतो आहे."

मेधंकराने बोटातली मुद्रा काढून राजाच्या पायाशी ठेवली.

राजा चिडला. "मी मुद्रा मागितली का? मी पिल्लू मागितलं!"

"मुद्रा आपली आहे, म्हणून ती परत करता येते," मेधंकर शांतपणे म्हणाला. "पिल्लू ना आपलं, ना माझं. ते मी कुठून देऊ?"

मुद्रा तशीच जमिनीवर राहिली. मेधंकर नमस्कार करून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवून कलंडले असताना, राजा एकटाच त्या कुडाकडे गेला. त्याने लाकडी डोके एका हाती घेतले आणि खुंटीवरचा एक अंगरखा अंगात घातला. तो पोटावर घट्ट होत होता. दुसऱ्या मुठीत त्याने भिजवलेले भात घेतले होते. त्याने ठरवले होते की पिल्लू जवळ आले की टोपी मागे सारायची, चेहरा दाखवायचा आणि हात पुढे करायचा. एकदा ओळख झाली की झाले!

तो पाण्यात उतरला. पंखावर एक पांढरे पीस असलेले पिल्लू सर्वांत धीट होते. ते तुरुतुरु आले, लाकडी चोचीला चोच लावून उभे राहिले. राजाने दुसरा हात टोपीला घातला.

तेवढ्यात कुडापलीकडून कोणी बैलाला हाकले, "ए ढवळ्या, सर की बाजूला!"

माणसाचा आवाज येताच सारी पिले दचकली. पांढऱ्या पिसाचे पिल्लू पळाले ते थेट राजाच्या अंगरख्यात. त्याच्या पायाला चिकटून ते लपून बसले. त्याच्या काळजाची धडधड राजाला आपल्या मांडीशी जाणवली.

पक्षी आपल्याकडे येतात, याचा आनंद राजाने जन्मभर घेतला होता. पक्षी आपल्या आडोशाला येतो, हे आज पहिल्यांदाच घडत होते. आणि तो लपत होता कोणापासून? माणसापासून. आता टोपी काढली तर या जिवाने लपायचे कुठे?

राजाचा हात टोपीवरच थांबला.

समोरच्या लव्हाळ्यातून एक उंच राखाडी आकृती बाहेर आली. चालीवरून राजाने ओळखले, तो मेधंकर होता; मुद्रा दिल्यामुळे आज त्याची दुपारही रिकामी होती. त्याने राजाचा टोपीवरचा हात पाहिला होता. "थांबा!" असे ओरडणे सोपे होते, पण त्या ओरडण्यानेही पिलांच्या कानी माणूसच पडला असता. म्हणून महिनोन्‌महिन्यांची मेहनत पणाला लागली असतानाही तो काही बोलला नाही. त्याने फक्त सारसासारखी मान लववली.

राजाने हात खाली घेतला आणि मान लववली.

मग मेधंकराने गवताची एक काडी हवेत उडवली आणि उंच उडी मारली. जोडीदाराला पाहून सारस असाच नाचतो. वेणुमतीच्या अधिपतीने क्षणभर विचार केला, अंगरखा सावरला आणि तोही उडाला. चिखल चहूकडे उडाला. पोटावरची शिवण टरकन उसवली. पिलांनी मान तिरकी करून हे नवल पाहिले, आणि मग एकेकाने पंख उघडले. पांढऱ्या पिसाचे पिल्लू अंगरख्यातून बाहेर आले आणि सर्वांत उंच उडाले. कुडाच्या फटीपाशी राणी उत्पला उत्तरीयाचा बोळा तोंडात कोंबून उभी होती. हसू कोंडल्याने तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

संध्याकाळी राजाने मुद्रा स्वतः उचलून मेधंकराच्या बोटात घातली. "आता सांग, माझी उडी कशी होती?"

"खरं सांगू, महाराज?"

"नको."

"मी सांगते," राणी म्हणाली. "मेंढी गोठ्याचा उंबरा ओलांडते, तशी."

तिघेही पोट धरून हसले. मग मेधंकराने हळूच विचारले, "पण पौर्णिमेचं काय?"

"मी हात पसरणार," राजा म्हणाला. "रीत आहे ती."

माघी पौर्णिमेला सारी नगरी पाणथळीच्या काठी जमली. कोणी बोलायचे नाही, अशी दवंडी दिलेली होती. ताकवालीसुद्धा ओठ मिटून बसली होती, आणि तिच्या शेजारणींना त्याचेच जास्त आश्चर्य वाटत होते. पक्षिशालेपासून पाण्यापर्यंत कुडाची वाट केली होती. राखाडी अंगरख्यातला मेधंकर त्या वाटेने धावत आला. त्याच्यामागून पिले धावली, धावता धावता त्यांचे पाय जमिनीवरून सुटले, आणि पाहता पाहता ती डोक्यावरून पाण्याकडे गेली. मेधंकर लव्हाळ्यात शिरून दिसेनासा झाला.

राजा पाण्याच्या कडेला उघड्या चेहऱ्याने उभा होता. त्याने हात पुढे केला. हातावर भात होते.

पांढऱ्या पिसाचा तो सारस जवळच उतरला. त्याने हाताकडे पाहिले, मग राजाच्या चेहऱ्याकडे पाहिले. राजाला त्याची धडधड आठवली. सारसासारखी मान थोडी लववली असती, तर कदाचित तो आलाही असता. राजाची मान शिवशिवली. पण तो माणसासारखा ताठ उभा राहिला.

सारस एक पाऊल मागे सरला. मग त्याने पंख उघडले आणि तो उडाला, पाण्यावरून दूर, इतरांच्या दिशेने.

 हा शकुन की अपशकुन, काठावर कोणालाच कळेना. शेवटी एका म्हातारीला राहवले नाही. "महाराज, घास घेतला नाही हो त्यानं?"

पुष्यसेन वळला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. त्याने भरलेला हात सगळ्यांना दिसेल असा उंच केला.

"नाही घेतला, आजी! बघा तरी, एक दाणासुद्धा कमी झाला नाही!"

म्हातारी हसू लागली. मग कुंभारीण हसली, मग ताकवालीने इतका वेळ कोंडलेले सगळे एकदम बोलून टाकले, आणि दूर वेशीपाशी ढोल वाजू लागले.

पुढे पाऊस लागल्यावर पाणथळीतून सारसांची हाक नगरीपर्यंत येऊ लागली. पक्षिशाला बंद झाली नाही, पण तिथे घास घेणारे पक्षी तयार होईनासे झाले. जे जीव बाहेर संपत आले असतील त्यांचे बी तिथे राखले जाई, आणि रान तयार झाले की पेरले जाई. दर माघी पौर्णिमेला राजा हात पसरी, कोणी येत नसे, आणि लोक आनंदाने घरी जात. हातावरचे भात राजा चिमण्यांना टाकी.

अनेक जन्मांनंतर एका भिक्षूने आईवेगळे पाडस वाढवले होते. ते मोठे झाले, रानाकडे पाहून कान टवकारू लागले, तरी तो त्याच्या गळ्यातली दोरी सोडीना. त्याच्यासाठी शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही मागच्या जन्मीची हकीकत सांगितली आणि ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा पुष्यसेन म्हणजे हाच भिक्षू पियदत्त. राणी उत्पला म्हणजे आता तोंडावर चीवर धरून हसते आहे ती भिक्षुणी. वेणुमतीचे लोक म्हणजे तुम्ही सारे, आणि अमात्य मेधंकर म्हणजे मीच. जीव राखावा, वाढवावा, आणि त्याने आपल्याला ओळखावे अशी इच्छाही सोडून द्यावी, या गुणाला मैत्री म्हणतात."

पियदत्त उठला. त्याने दोरी सोडली. पाडस रानाच्या कडेपर्यंत चालत गेले आणि तिथून एकदम धावत सुटले. त्याने मागे वळून पाहिले नाही, आणि पियदत्त टाळ्या वाजवू लागला.