तेलाची सात भोकं

खूप खूप वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षं, ते विचारू नका. मोजणारे सगळे कधीच गेले. एका राज्यात एक राजा होता आणि त्याला जुन्या शिवणयंत्रांचं वेड होतं. कुणाला हत्तींचं असतं, कुणाला हिऱ्यांचं. वेडाला धरबंध नसतो, आणि राजाच्या वेडाला तर मुळीच नसतो.

त्याने यंत्रांसाठी एक वेगळं दालन बांधलं होतं. निळ्या मखमलीवर यंत्रं ओळीने मांडलेली, काही हाताने फिरवायची, काही पायाने चालवायची, सगळ्यांच्या काळ्या अंगावर सोनेरी फुलांची नक्षी. राजा रोज सकाळी तिथे फेरी मारी. मात्र त्या दालनात सुईत दोरा ओवायला बंदी होती. शिवलं की यंत्र झिजतं, असं राजाचं म्हणणं होतं. ते खरंही होतं म्हणा. जेवलं की ताटही खरकटं होतं.

ही यंत्रं हुडकायला, त्यांची किंमत ठरवायला आणि त्यांना नवं रूप द्यायला राजाने एक पारखी ठेवला होता. पारखी म्हणजे साधासुधा माणूस नव्हे. त्याचा बाप यंत्रं दुरुस्त करणारा मिस्त्री, आई शिवणारी. बंद डोळ्यांनी यंत्राचं चाक फिरवून आतला कुठला दाता झिजलाय ते तो सांगे. दरबारात त्याला मान होता, खांद्यावर जरीचा शेला होता, आणि हे दोन्ही जातील की काय याची धास्तीही होती.

एकदा राजा म्हणाला, "पारखी, माझ्याकडे साठ यंत्रं आहेत. पण राज्यातलं सगळ्यात जुनं यंत्र माझ्याकडे आहे का?"

पारख्याने नाही म्हणून मान हलवली. ते यंत्र कुठे होतं हे त्याला ठाऊक होतं. ते त्याच्या आईचं होतं.

डोंगरावर अकरा घरांची एक वस्ती होती. तिथे पारख्याची धाकटी बहीण राहायची. नवरा वारलेला, पदरी पाच वर्षांची मुलगी. आजीचं यंत्र आईकडे आलं होतं आणि आईचं तिच्याकडे. साऱ्या वस्तीच्या गोधड्या ती त्यावर शिवायची आणि बदल्यात प्रत्येक घर तिला धान्य द्यायचं. वस्तीची रीत अशी, की उन्हाळा सरताना सगळ्या गोधड्या उसवायच्या, कापडाचा पदर न् पदर सुटा करून ओढ्यावर धुवायचा, आणि थंडीच्या आत पुन्हा शिवायच्या. आणखी एक रीत होती. शिवणारीच्या घरची गोधडी सगळ्यात शेवटी.

पारखी डोंगर चढून आला तेव्हा अंगणात, कुंपणावर, झाडांवर धुतलेले पदर वाळत होते. भाची "मामा आला, मामा आला" करत त्याच्या शेल्याला लोंबकळली. त्याने तिला गूळ दिला आणि यंत्रापाशी बसला.

काय यंत्र होतं ते! तशी बनावट पुन्हा कुणाला जमली नव्हती. फक्त एका जागी, जिथे शिवताना डावा तळवा टेकतो, तिथली सोनेरी फुलं पार पुसली होती. तीन पिढ्यांच्या बायकांचा हात तिथे टेकला होता. पारख्याने त्या जागेवरून अंगठा फिरवला आणि मनातल्या मनात किंमत थोडी खाली आणली.

"महाराजांना दाखवायला नेतो," तो म्हणाला.

बहिणीच्या हातातला पदर तसाच राहिला. "आन् गोधड्या, दादा? समद्या उसवल्यात. अकराच्या अकरा घरच्या."

"महिन्याभरात परत आणतो. रंगवून, नवं करून आणतो."

"मला नवं नगं. मला चालतं हवं." थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "थंडीच्या आत आणशील न्हवं? आईची आण घे."

त्याने आईची आण घेतली. बहिणीने यंत्र घोंगडीत बांधून दिलं. सोबत तेलाची लहानशी कुपी दिली आणि आईचे शब्द त्याला पुन्हा ऐकवले, जणू काही तो विसरलाच होता. "सात भोकं हायेत. दर अवसेला सात थेंब, आन् मग धा येढे रिकामं चाक."

राजधानीत पारख्याने जीव ओतून यंत्र घासलं, पुसलेली फुलं पुन्हा रंगवली. राजाने येऊन यंत्रावरून बोट फिरवलं. बोट एका भोकाला अडखळलं.

"हे खड्डे कसले?" राजाने विचारलं. "देवीच्या व्रणांसारखे दिसतात. आणि यांतून तेल पाझरून माझी मखमल डागाळते."

इथे पारख्याने बोलायचं होतं. 'महाराज, यंत्र इथून तेल पितं,' एवढं एकच वाक्य. मिस्त्र्याचा मुलगा होता तो. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण त्याने खांद्यावरचा शेला सारखा केला आणि म्हणाला, "बुजवतो, महाराज."

त्याने लाख वितळवली आणि सातही भोकांत ओतली. वर काळा रंग दिला. यंत्र इतकं गुळगुळीत दिसू लागलं, की राजाने स्वतःच्या गळ्यातली माळ काढून पारख्याला दिली आणि यंत्र दालनाच्या मधोमध उंच चौथऱ्यावर बसवलं.

चौथऱ्यावर बसलेली वस्तू खाली कशी मागायची? महिना गेला. पारखी रोज ठरवी, उद्या विचारू. उद्याला काय तोटा? दुसरा महिना गेला. 'बहीण हाताने शिवेल तोवर,' अशी त्याने मनाची समजूत घातली. पण तीन पिढ्या ज्या वस्तीत यंत्र चालतं, तिथे हातसुया कोण जपून ठेवतं? साऱ्या वस्तीत शोधून शोधून एक गंजकी सुई सापडली होती. यंत्रावर दोन दिवसांत होणाऱ्या गोधडीला आता आठ दिवस लागत होते.

आणि त्या वर्षी थंडी लवकर आली.

डोंगरावरून उतरलेला एक मेंढपाळ बाजारात सांगत होता, "ओढा गोठलाय. वरली मान्सं सुटे पदर अंगावर घेऊन निजत्यात. निजंत सरकत्यात त्ये, दुसरं काय व्हनार? शिवनारी बाई आठव्या घराची गोधडी शिवतीया. तिची पोर तापानं फनफनलीया, पर बाई रीत मोडंना."

पारखी अनवाणी धावत राजाकडे गेला आणि त्याचे पाय धरले. रडत रडत सगळं सांगितलं.

राजाने त्याला हात देऊन उठवलं. मग म्हणाला, "घेऊन जा. पण अरे, हे तू आधीच का नाही मागितलंस?"

पारखी चौथऱ्याकडे धावला.

त्याने यंत्र चौथऱ्यावरून उतरवलं आणि सवयीने चाकाला हात घातला. चाक हललं नाही. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी हललं नाही. लाख भोकांतून खाली उतरून आतल्या प्रत्येक सांध्यात घट्ट बसली होती. बंद डोळ्यांनी यंत्राचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाला हे दुखणं ओळखायला कष्ट पडले नाहीत. ते त्यानेच दिलं होतं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, पण या शहाण्याने गोठ्याचं दारच बाहेरून चिणलं होतं.

लाख आगीशिवाय सुटत नाही. त्याने निखारे मांडले, यंत्राचा एकेक भाग शेकला, तारेने खरवडला, पुसला, पुन्हा शेकला. सोनेरी फुलं फुगून, करपून गळून पडली. बोटं पोळली. एक दिवस गेला, दोन गेले. सहाव्या दिवशी दुपारी त्याने सात भोकांत सात थेंब सोडले आणि चाक फिरलं. पूर्वीसारखं, लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं. तो यंत्र पाठीवर बांधून तसाच डोंगर चढू लागला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा तो वस्तीत पोचला. बहिणीच्या दारात सगळी वस्ती उभी होती. शेजारणीने पोरीला दोन दिवस स्वतःच्या गोधडीत कुशीत घेतलं होतं, पण थंडी आधीच छातीत उतरली होती. पोर त्या पहाटेच गेली होती.

बहिणीने भावाकडे पाहिलं. मग त्याच्या पाठीवरच्या ओझ्याकडे पाहिलं.

"चालतंय?" तिने विचारलं.

"चालतंय," तो म्हणाला.

तिने यंत्र उतरवून घेतलं. बोटाने चाचपून सातही भोकं मोजली. तळवा टेकायच्या जागी हात ठेवला. तिथे आता फुलं नव्हती, आणि बाकी कुठेच नव्हती. मग कोपऱ्यातले आपल्या घरचे धुतलेले पदर तिने ओढले, पोरीच्या मापाचे कापले आणि शिवायला बसली. यंत्र एकदाही अडलं नाही. एरवी गोधडीला दोन दिवस लागायचे, पण ही लहान होती, म्हणून दुपारपर्यंत झाली. त्याच गोधडीत गुंडाळून पोरीला ओढ्याच्या काठी पुरलं. सगळ्यात शेवटची गोधडी त्या वर्षी अशी मध्येच शिवली गेली, आणि वस्तीतलं कुणी रीत मोडली म्हणालं नाही.

ओढ्यावरून परत आल्यावर तिने आठव्या घराची राहिलेली गोधडी पुढे ओढली. तिचं धरून अजून चार घरं उघडी होती. पारखी दारातच उभा होता, करपलेली बोटं शेल्यात लपवून.

"धरा, पारखी," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "पदर सरकू देऊ नका."

त्याने पदर धरले. तो राजधानीला परत गेला नाही. शेल्याचे तुकडे करून त्याने ते नवव्या घरच्या गोधडीत घातले. पुढे मरेपर्यंत दर अवसेला तो यंत्रात सात थेंब तेल सोडत राहिला आणि दहा वेढे रिकामं चाक फिरवत राहिला. बहीण त्याला दोन वेळा जेवायला वाढायची, आजारपणात उशाशीही बसायची. पण दादा म्हणून तिने त्याला पुन्हा कधी हाक मारली नाही.

लहानथोरांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: झिजू नये म्हणून कामाची वस्तू थांबवली, की तिची झीज माणसांच्या वाट्याला येते.